वाळवलेल्या द्राक्षांची कडू वाईन

(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. शेतीच्या कार्यक्रमात वाईनची चव कशाला, असं कुणी विचारील. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे भाषण कुणाला प्यायला लावण्यासाठी नाही. जो पीत नाही त्याने पुढेही पिऊ नये. पण तुमच्यातले बरेच जण द्राक्षबागाईतदार आहेत, आणि तासगाव, मिरज, पंढरपूर, नाशिक या बाजूच्या अनेकांना बेदाणा करण्याचा अनुभव आहे. द्राक्ष वाळवलं की वजन जातं, पण भाव वाढतो, हे तुम्हाला सांगायला नको. इटलीतले शेतकरीही द्राक्षे वाळवतात. पण बेदाण्यासाठी नव्हे, तर एका लाल वाईनसाठी. तिचं नाव आमारोने. या वाईनची चव कशी घ्यायची आणि ती कशी जन्माला आली, हे आज पाहू. त्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

गाव कुठलं, द्राक्ष कुठलं?

इटलीच्या उत्तरेला व्हेरोना नावाचं जुनं शहर आहे. त्याच्या वायव्येला डोंगराच्या पायथ्याशी वाल्पोलिचेल्ला नावाचा मुलूख लागतो. उत्तरेला लेस्सिनी डोंगर, पश्चिमेला गार्दा नावाचं मोठं सरोवर, आणि दक्षिणेकडून आदिजे नदी. डोंगरातून खाली उतरणाऱ्या दऱ्यांमध्ये नेग्रार, मारानो, फुमाने अशी गावं आहेत. उतारावर दगडी ताली घालून त्यावर द्राक्षवेली लावल्या आहेत. आपल्या कोकणात किंवा मावळात उतारावर जशा ताली घालतात, तशाच.

तिथली मुख्य जात कोर्विना. तिच्या जोडीला कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. कोर्विनाचा मणी काळसर निळा आणि साल जाड. या जातीची एक खोड ध्यानात घ्या. काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांना घड फारसे लागत नाहीत, घड पुढच्या डोळ्यांवर येतात. म्हणून काडी आखूड छाटून चालत नाही. लांब काडी ठेवायची तर तिला आधार हवा. त्यासाठी तिथले शेतकरी पूर्वीपासून मांडव करत आले आहेत. आपल्या मंडपाचाच हा भाऊबंद, फक्त थोडा तिरका. अलीकडे तारेवरच्या उभ्या पद्धतीही आल्या आहेत, पण मांडव अजून दिसतो.

माळ्यावरची द्राक्षे

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. वाळवणीसाठी सरसकट माल घेत नाहीत. घड सुटसुटीत हवा, मणी एकमेकांना चिकटलेले नकोत, साल फाटलेली नको. कारण दाट घडात हवा खेळत नाही आणि आत बुरशी धरते. असे निवडलेले घड हाताने तोडून, एकावर एक न टाकता, एकाच थरात मांडतात.

पूर्वी हे घड घराच्या वरच्या माळ्यावर बोरूच्या किंवा बांबूच्या ताट्यांवर ठेवत. याच ताट्या रेशमाचे किडे पाळायलाही वापरत. एकाच ताटीचे दोन उपयोग! वसंतात किडे, शरदात द्राक्षे. माळ्याच्या खिडक्या वारा येईल अशा ठेवलेल्या असत. आता लाकडी वा प्लास्टिकचे ट्रे आणि पंखे आले आहेत, हवेतला दमटपणा मोजून कमी करणारी यंत्रे आली आहेत. पण रीत तीच. साधारण तीन ते चार महिने द्राक्ष थंड, कोरड्या हवेत हळूहळू सुकत राहतं. या काळात वजन तीस ते चाळीस टक्के घटतं.

आता आपल्या बेदाण्याशी ताडून पाहा. आपण द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो. का? तर सालीवरचा मेणाचा थर मोडावा आणि पाणी लवकर बाहेर पडावं. रॅकवर पंधरा-वीस दिवसांत माल तयार. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. आपल्याला घाई आहे, आणि ती रास्तही आहे, कारण मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर अवकाळीची टांगती तलवार असते. व्हेरोनाकडे उलट. तिथे सालीवरचं मेण तसंच ठेवतात. हिवाळ्याच्या थंडीत पाणी सावकाश जातं. मणी सुरकुततो पण रसाळ राहतो, साखर दाट होते आणि वासही बदलत जातो. ताज्या चेरीसारखा वास जाऊन त्या जागी खारीक, मनुका, मसाला असे वास येऊ लागतात. हे काम उष्णतेने उरकत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो.

मग जानेवारी-फेब्रुवारीत हे सुकलेले मणी चुरडून आंबवायला घालतात. कडाक्याच्या थंडीत आंबवण्याची क्रिया फार हळू चालते, कधी कधी महिना-दीड महिना. नंतर वाईन लाकडी पिंपांत मुरवत ठेवतात. नियम असा आहे की तोडणीनंतरच्या १ जानेवारीपासून किमान दोन वर्षे ती मुरली पाहिजे. आज तोडलेल्या द्राक्षाचे पैसे हातात यायला तीन वर्षे लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

दीड हजार वर्षांची रीत

ही युक्ती कालपरवाची नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकात इटलीवर गॉथ राजांचं राज्य होतं. त्यांच्या दरबारात कासिओदोरुस नावाचा मोठा अधिकारी होता. राजाच्या पंगतीसाठी व्हेरोनाकडची एक खास वाईन हवी होती. ती मिळवण्याविषयी त्याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, आणि ते पत्र आजही उपलब्ध आहे. घरच्या मांडवावरची द्राक्षे शरदात तोडून टांगून ठेवतात, डिसेंबरपर्यंत राखतात आणि थंडी पडल्यावर त्यांचा रस काढतात, असं वर्णन त्यात आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी पत्रात शेतकऱ्याची कृती इतकी बारकाईने नोंदलेली सापडावी, हे नवलच म्हणायचं.

शतकानुशतके या पद्धतीने जी वाईन होत असे ती गोड होती. तिला रेचोतो म्हणतात. तिथल्या बोलीत 'रेचे' म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जे फुटवे असतात, ज्यांना आपण घडाचे खांदे म्हणतो, त्यांना ते कान म्हणतात. त्या भागाला ऊन जास्त लागतं, तिथले मणी अधिक गोड. पूर्वी चांगल्या मालासाठी तेवढाच भाग काढून घेत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

ही वाईन गोड का राहते? द्राक्षातली साखर खाऊन यीस्ट मद्यार्क तयार करतं. पण सुकलेल्या द्राक्षात साखर इतकी असते, आणि बाहेर थंडी इतकी, की यीस्ट मध्येच दमतं. उरलेली साखर वाईनमध्ये राहते. पण यीस्ट दमलं नाही तर? तर ते सगळी साखर खाऊन टाकतं. गोडी जाते, मद्यार्क वाढतो, आणि मागे कडसर, कोरडी वाईन उरते. पूर्वीच्या लोकांना ही बिघडलेली वाईन वाटे. केलं गोड म्हणून, झालं कडू. कोण घेणार?

विसरलेलं पिंप

इथे आपली खरी गोष्ट येते. १९३३ साली नेग्रारच्या भागातल्या द्राक्ष उत्पादकांनी एकत्र येऊन सहकारी वाईन कोठार सुरू केलं. दिवस मंदीचे होते, एकट्याने माल विकणं जड जात होतं. आपल्याकडच्या सहकारी संस्था ज्या गरजेतून उभ्या राहिल्या, तीच ही गरज.

असं सांगतात की १९३६ च्या वसंतात या सहकारी कोठाराचे प्रमुख आदेलिनो लुक्केसे यांना कोपऱ्यात रेचोतोचं एक विसरलेलं पिंप सापडलं. कुणाचंच लक्ष न गेल्यामुळे त्यातली वाईन आंबतच राहिली होती. गोडी संपली होती. हिशेबाने हा माल वाया गेलेला. दुसरा कुणी असता तर त्याने पिंप ओतून धुवायला घेतलं असतं. लुक्केसे यांनी आधी पेलाभर काढून चव घेतली. आणि ते म्हणाले म्हणे, की ही नुसती 'आमारो' नाही, ही तर 'आमारोने' आहे. आमारो म्हणजे कडू. आमारोने म्हणजे मोठी कडू, थोर कडू. बिघाडाला त्यांनी नाव दिलं, आणि तेच पुढे मालाचं नाव झालं.

अशा गोष्टींना तोंडातोंडी थोडं मीठमसाला लागतो, हे आपणही जाणतो. पण मुद्दा खरा आहे. कडू वाईन त्याआधीही कधीमधी होतच असेल. ती चाखून, ओळखून, मुद्दाम पुन्हा तशी करणारा माणूस मिळाला तेव्हाच तिचा माल झाला. १९५० च्या दशकात आमारोने बाजारात विकली जाऊ लागली. १९६८ साली त्या मुलखाच्या वाईनना सरकारी नियम आणि नावाचं संरक्षण मिळालं. २०१० साली आमारोनेला इटलीतला सर्वांत वरचा दर्जा दिला गेला. एके काळी जी फेकायची वाटे, ती आज इटलीतल्या सर्वांत महाग वाईनपैकी एक आहे.

चव कशी घ्यायची?

चव घेणं म्हणजे पिणं नव्हे. चव घेणारा जाणकार घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो. या वाईनमध्ये मद्यार्क १४ टक्क्यांहून कमी असून चालत नाही, आणि बहुधा १५-१६ टक्के असतो. साध्या वाईनपेक्षा ती चढते. तेव्हा जपून.

पहिली गोष्ट, ग्लास. पोटाला मोठा आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. तळाशी दोन बोटे वाईन पुरे. ती १८ ते २० अंशांवर हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा बाटली आधी गार पाण्यात ठेवावी. चव घेण्याच्या तासभर आधी बूच काढून ठेवावं.

दुसरी गोष्ट, रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. मधे गडद लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग दिसेल. कडेला विटकरी छटा असेल तर वाईन जुनी आहे असं समजा.

तिसरी गोष्ट, वास. ग्लास हळू गोल फिरवा आणि नाक आत घाला. काळी चेरी, सुकं आलुबुखार, मनुका, दालचिनी, कोको, तंबाखूचं पान असे वास सापडतात. आपल्याला चेरीची सवय नाही, म्हणून बिचकू नका. करवंदाचा मुरंबा, खारीक, जांभूळ, जो वास आठवेल तो तुमचा. पण शिरक्यासारखा झणका आला, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास आला, तर दोष आहे. वाळवताना कुजके मणी निवडून काढले नाहीत तर ते इथे नाकाला कळतं. तीन वर्षांपूर्वीचा आळस ग्लासात वर येतो.

चौथी गोष्ट, घोट. लहान घोट घ्या आणि तोंडभर फिरवा. आधी मऊपणा जाणवेल, इतका की वाईन गोड आहे असा भास होईल. मग तोंडाला पाणी सुटेल, तो आंबटपणा. मग हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे होतील, तो तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. शेवटी कडू बदामासारखा हलका कडवटपणा आणि घशाशी ऊब. आता थुंका, आणि मनात आकडे मोजा. चांगल्या वाईनची चव बराच वेळ रेंगाळते. लगेच विरून गेली तर माल बेताचा.

आपल्या शेडचा वास

मागे एकदा आम्ही काही बागाईतदार मंडळी ही चव घ्यायला बसलो होतो. त्यांत तासगावकडचे एक दादा होते. माळकरी माणूस, पीत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, मी घोट घेणार नाही, नुसता वास घेतो." त्यांनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्याला आमच्या शेडचा वास येतोय. रात्री पडदे सोडल्यावर येतो ना, तस्सा."

मी म्हटलं, "बरोबर ओळखलंत."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं बेदाणा करतोय. सौद्यात व्यापारी मूठभर उचलतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि भाव सांगतो. त्याच्या जिभेला काय कळलं, ते मी कधी विचारलं नाही. आणि स्वतः कधी तसं चाखलंही नाही. गेल्या साली पावसात माल काळवंडला, तो सगळा मिळेल त्या भावात देऊन टाकला. त्यातला गोड कुठला, कडवट कुठला, निवडून बघायचं सुचलंच नाही."

बंधूंनो, आजच्या भाषणाचं सार त्या दादांनीच सांगितलं. आपला माल आपणच चाखायला शिकलं पाहिजे. भाव ठरवणारा चाखतो आणि पिकवणारा चाखत नाही, ही उलटी रीत आहे.

काय घ्यावं, काय घेऊ नये

आता कुणी म्हणेल, मग आपणही द्राक्षे वाळवून वाईन करू या. थांबा. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या आपल्या जाती खाण्याच्या आणि बेदाण्याच्या आहेत. पातळ सालीच्या, पांढऱ्या. त्यांची आमारोने होणार नाही. शिवाय आपला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. तीन महिने थंड हवेत सुकवायचं तर थंडी विकत घ्यावी लागेल. आणि परवान्याशिवाय वाईन करणं, विकणं हा गुन्हा आहे.

घ्यायची ती त्यांची शिस्त. त्यांचा नियम पाहा. हेक्टरी १२ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घ्यायचं नाही. आपण एकरी तेवढा माल काढतो! त्यातलाही फार तर ६५ टक्के वाळवायला घ्यायचा. आणि १०० किलो ताज्या द्राक्षांपासून ४० लिटरच्या वर आमारोने काढायची नाही. म्हणजे १२ टनांतले ७.८ टन वाळवायला, आणि त्यातून जास्तीत जास्त ३,१२० लिटर. उरलेल्या द्राक्षांची साधी वाईन होते. आमारोने काढून झाल्यावर जो चोथा राहतो, तोही टाकत नाहीत. त्यावर साधी वाईन पुन्हा सोडून तिला बळ आणतात, त्या वाईनला रिपास्सो म्हणतात.

आणखी एक. गेल्या काही दशकांत आमारोनेला भाव मिळतो म्हटल्यावर तिथेही लागवड आणि वाळवणी भराभर वाढली. माल जास्त झाला की भाव पडणार, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा तिथल्या उत्पादक संघाने काही वर्षी ती ६५ टक्क्यांची मर्यादा ५० टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली आणली. ज्याचा माल तयार आहे त्याला हे सोसावं लागतं. पण नाव सगळ्यांचं आहे, ते पडलं तर सगळेच पडतात. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते नाव राखणं हे असंच सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे.

लक्षात ठेवा

१. वाळवणीसाठी सुटसुटीत, न फुटलेला घडच निवडा. दाट घडात बुरशी आधी शिरते.

२. रॅकवर माल असताना रोज एक फेरी मारा. कुजका मणी दिसला की लगेच काढा.

३. प्रत्येक शेडच्या, प्रत्येक तोडणीच्या मालाचा मूठभर नमुना वेगळा ठेवा. त्यावर तारीख लिहा.

४. सौद्याला जाण्याआधी आपला माल चाखा. गोडी, आंबटपणा, कडवटपणा, वास या चार गोष्टी वहीत टिपून ठेवा. व्यापाऱ्याने भाव सांगितला की त्या नोंदीशी ताडून पाहा.

५. बिघडलेला माल टाकण्याआधी वा मातीमोल देण्याआधी तो कशाने बिघडला ते पाहा, आणि निवडून प्रतवारी करा.

६. वाईन हे मद्यच आहे. गरोदर बायका, २१ वर्षांखालील मुलं आणि गाडी चालवणारे यांनी तिच्यापासून दूर राहावं.

बंधू-भगिनींनो, नेग्रारच्या त्या कोठारात एक पिंप विसरलं गेलं, यात मोठेपणा काही नव्हता. विसरणं सगळ्यांनाच जमतं. ते पिंप ओतण्याआधी एका माणसाने पेला खाली धरला, त्यावर आज त्या सगळ्या मुलखाची शेती चालली आहे. या हंगामात तुमच्या शेडमधला पहिला दाणा व्यापाऱ्याच्या नव्हे, तुमच्या तोंडात पडू द्या.

नमस्कार.